मुद्दल आणि व्याज : सदर बाजारातल्या दिव्याचा इतिहास



आज आपण रायपूरच्या सदर बाजारात आलो आहोत. संध्याकाळचे सात वाजलेत. कोतवाली चौकाकडून आत शिरलं की दोन्ही बाजूंना सराफांची दुकानं लागतात. काचेमागे हार, बांगड्या, नथी, आणि त्यांच्यावर डोळे दिपावेत इतका उजेड. आज मला सोन्याचा इतिहास सांगायचा नाही, त्याच्यावर पडलेल्या या उजेडाचा सांगायचाय. घड्याळातले हे सात लक्षात ठेवा, पुढे त्यांचं काम पडणार आहे.

सराफी पेढीवरचं जुनं शहाणपण तुम्हाला ठाऊक आहे : घर व्याजावर चालवावं, मुद्दल मोडू नये. विजेची सगळी तुलना या एका वाक्यात बसते. कोळसा, तेल, वायू म्हणजे मुद्दल. छत्तीसगडचा कोळसा ही पंचवीस-तीस कोटी वर्षांपूर्वीच्या जंगलांची पुंजी आहे. एकदा जाळली की संपली. ऊन, वारा, वाहतं पाणी म्हणजे व्याज. ते दरवर्षी येतं, पण आपल्या सोयीनं येत नाही. सगळी गोम इथेच आहे.

तेलापासून तारेपर्यंत

रायपूर आपल्याला परकं नाही. नागपूरकर भोसल्यांचं सैन्य १७४१ मध्ये छत्तीसगडात आलं आणि १८५४ पर्यंत हा मुलूख नागपूरशी बांधलेला होता. पुढे इंग्रजी अमलातही राजधानी नागपूरच. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची पुनर्रचना झाली तोपर्यंत नागपूर आणि रायपूर एकाच प्रांतात नांदत होते. सदर बाजारापासून जवळच्या तात्यापाऱ्यात आजही मराठी कानावर पडतं.

भोसल्यांच्या काळात दिव्यात शेतातलं, रानातलं तेल जळायचं. म्हणजे दिवा व्याजावर चालायचा. मग रॉकेल आलं, आणि उजेडासाठी पहिल्यांदा मुद्दल मोडलं गेलं. रॉकेलचा उजेड मोठा, भाव परवडणारा, त्यामुळे कोणी हिशेब विचारला नाही. विजेच्या बाबतीत पुढे हेच झालं.

काळं सोनं

इथून सुमारे दोनशे किलोमीटरवर, हसदेव नदीच्या काठी कोरबा आहे. नव्या मध्य प्रदेशानं तिथे सरकारी वीजकेंद्र वाढवलं. १९८३ मध्ये एनटीपीसीच्या कोरबा केंद्राचा पहिला संच सुरू झाला. आज त्या एका केंद्राची क्षमता २,६०० मेगावॅट आहे. शेजारच्या गेवरा खाणीतून आगगाडी कोळसा आणते, रिकामी होते आणि त्याच रुळांवरून पुन्हा खाणीकडे वळते. गेवऱ्यानं २०२२-२३ या एका वर्षात ५ कोटी टनांहून जास्त कोळसा काढला. जगातल्या सर्वांत मोठ्या खाणींत तिची गणना होते.

केंद्र खाणीच्या तोंडाशीच का बांधलं? आपल्या कोळशात राख फार, बहुधा तिसरा हिस्सा किंवा त्याहून जास्त. ही राख मुंबईपर्यंत वाहून नेण्यापेक्षा वीज तारेतून धाडणं स्वस्त. कोरब्याची वीज म्हणूनच छत्तीसगडाबरोबर मध्य प्रदेश, महाराष्ट्र, गुजरात आणि गोव्यालाही मिळते. गोव्याकडे स्वतःचं मोठं वीजकेंद्र नाही. पणजीत पंखा फिरतो, त्यात कोरब्याचा वाटा असतो. वीज पणजीला जाते, राख कोरब्यात राहते.

आता आपल्या घरचा हिशेब करू. कोळशाच्या विजेचं एक युनिट तयार करायला साधारण ७०० ग्रॅम कोळसा लागतो. महिन्याला २०० युनिटं वापरणाऱ्या घरासाठी १४० किलो. म्हणजे जवळजवळ तीन पोती कोळसा जळतो आणि एक पोतं राख उरते. ते पोतं तुमच्या दारात येत नाही, म्हणून बिलावर दिसत नाही. २३ सप्टेंबर २००९ ला कोरब्यातल्या एका वीजप्रकल्पाची बांधकाम चालू असलेली चिमणी कोसळली आणि चाळीसहून अधिक मजूर गेले. तेही कोणाच्या बिलावर आलं नाही.

व्याजही फुकट नसतं

मग पाण्याची वीज तरी निर्मळ? महाराष्ट्राचा अनुभव ऐका. १९१५ मध्ये टाटांचं खोपोलीचं जलविद्युत केंद्र सुरू झालं आणि मुंबईच्या गिरण्यांना घाटातल्या पावसावरची वीज मिळू लागली. पण टाटांच्याच मुळशी धरणाखाली मावळातली गावं जाणार होती. १९२१ मध्ये मुळशी सत्याग्रह उभा राहिला आणि सेनापती बापट हे नाव त्या लढ्यानं महाराष्ट्राला दिलं. धरण झालंच. मुळा खोऱ्यातला मावळा अक्षय ऊर्जेसाठी विस्थापित झाला, तेव्हा हा शब्दही रुळला नव्हता.

कोयनेची गोष्ट वेगळी. क्षमता १,९६० मेगावॅट, पण कृष्णा लवादानं पश्चिमेकडे वळवायच्या पाण्याला वर्षाला ६७.५ टीएमसीची मर्यादा घातली. तेवढं पाणी वापरलं की यंत्रं तयार असूनही थांबायचं. पाण्यावर शेतकऱ्याचाही हक्क असतो.

इकडे छत्तीसगडात हसदेववरच्या मिनीमाता बांगो धरणाची वीजक्षमता १२० मेगावॅट, एनटीपीसीच्या त्या एका केंद्राच्या विसाव्या हिश्श्याहूनही कमी. मात्र याच धरणाचं पाणी जांजगीर-चांपाच्या भातशेतीला जातं आणि कोरब्याच्या कोळसा केंद्रांनाही लागतं. ही गोष्ट आपण विसरतो. कोळशाच्या केंद्राला वाफेसाठी आणि थंड करण्यासाठी पाणी हवंच. २०१३ च्या दुष्काळात परळीचं औष्णिक केंद्र बंद पडलं, ते पाणी नव्हतं म्हणून. पावसाळा रुसला की कोळसाही अडतो.

सूर्य आणि तिजोरी

कोळशाच्या या राज्यात उन्हानं पहिली मोठी चुणूक दाखवली ती सरकारी दवाखान्यांत. तार पोचली होती, पण वीज टिकत नव्हती. छत्तीसगडच्या 'क्रेडा' या अक्षय ऊर्जा संस्थेनं शेकडो प्राथमिक आरोग्य केंद्रांवर सौर पॅनेल बसवले. काउन्सिल ऑन एनर्जी, एन्व्हायर्नमेंट अँड वॉटर या संस्थेनं २०१७ मध्ये अभ्यास प्रसिद्ध केला. सौर नसलेल्या, विजेची टंचाई असलेल्या केंद्रांच्या तुलनेत सौर केंद्रांत महिन्याला जवळपास दुप्पट बाळंतपणं होत होती. रात्री दिवा टिकतो म्हटल्यावर बायका दवाखान्यात येऊ लागल्या.

भावाचं बघा. २०१० मध्ये देशातल्या सौर लिलावांत युनिटचा दर १० रुपयांच्या वर होता. डिसेंबर २०२० मध्ये गुजरातच्या एका लिलावात तो १ रुपया ९९ पैशांवर आला. सराफ्यात एखाद्या जिन्नसाचा भाव दहा वर्षांत असा पडला असता तर पेढ्या बुडाल्या असत्या.

मग कोळसा बंद का होत नाही? आता घड्याळाकडे बघा. सात वाजलेत. बाजार भरलाय, घराघरांत दिवे, पंखे, मिक्सर चालू आहेत, आणि सूर्य मावळलाय. सौर वीज दुपारी भरपूर आणि स्वस्त मिळते. संध्याकाळी गरज असते तेव्हा ती नसते. शिवाय मेगावॅटला मेगावॅट असा हिशेब चालत नाही. वर्षभराचा विचार केला तर सौर केंद्र आपल्या क्षमतेच्या पाचव्या-चौथ्या हिश्श्याएवढी वीज देतं. नीट चालणारं कोळसा केंद्र तीन-चतुर्थांशाहून जास्त देऊ शकतं.

म्हणून व्याजाला तिजोरी हवी. नागपूरच्या रस्त्यावर राजनांदगाव लागतं. त्या जिल्ह्यात १०० मेगावॅटचा सौर प्रकल्प झाला आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये त्याचं उद्घाटन झालं. त्याला मोठी बॅटरी जोडली आहे : ४० मेगावॅट, तीन तास. दुपारचं ऊन साठवायचं आणि दिवेलागणीला सोडायचं. हेच काम महाराष्ट्रात घाटघरचा २५० मेगावॅटचा प्रकल्प पाण्यानं करतो. वीज स्वस्त असताना पाणी वर चढवायचं, महाग असताना खाली सोडायचं. दोन्ही तिजोऱ्या गरजेपुढे अजून लहान आहेत, पण कुलूप कसं लावायचं हे आपल्याला कळलंय.

हसदेवचा सवाल

आता मुद्दलाचा मालक कोण, ते बघू. कोरब्याच्या उत्तरेला हसदेव अरण्याचं सलग जंगल आहे, हत्तींचं आणि गोंड-उरांव गावांचं. त्याखाली कोळसा आहे. २०१० मध्ये केंद्र सरकारनं इथे खाण नको असं धोरण ठरवलं होतं. पुढच्याच वर्षी परसा पूर्व-केंते बासन खाणीला हिरवा कंदील मिळाला. कोळसा जातो राजस्थानच्या सरकारी वीजकंपनीकडे. ऑक्टोबर २०२१ मध्ये तिथले गावकरी तीनशे किलोमीटर चालत रायपूरला आले. जुलै २०२२ मध्ये छत्तीसगड विधानसभेनं हसदेवच्या खाणी रद्द कराव्यात असा ठराव एकमतानं केला. लढा मात्र संपलेला नाही.

राजस्थानची बाजूही ऐकली पाहिजे. त्यांची केंद्रं उभी आहेत, रात्री वीज लागते, कोळसा न मिळाल्यास लोक अंधारात बसतील. पण देशातलं सर्वांत जास्त ऊन ज्यांच्या अंगणात पडतं, त्यांत राजस्थान आहे. भडलाचा २,२४५ मेगावॅटचा सौर पार्क तिथलाच. ज्याच्या घरी व्याजाचा ढीग पडतोय, त्याच्यासाठी दुसऱ्याचं मुद्दल मोडायचं, असा हा व्यवहार आहे.

माझं मत विचाराल तर चालू कोळसा केंद्रं उद्या बंद करा म्हणणं भाबडेपणाचं आहे. ती संध्याकाळचे सात सांभाळतात. पण तिजोऱ्या बांधायला निघालेल्या काळात जुन्या जंगलाखालची नवी पुंजी फोडायची, तर त्याआधी तिच्यावर राहणाऱ्यांना विचारायला हवं. मुळशीत ते विचारलं नव्हतं. शंभर वर्षांनी तरी शिकायला काय हरकत आहे?

जाता जाता एक गोष्ट. रायगडापासून, म्हणजे छत्तीसगडच्या रायगडपासून, तमिळनाडूतल्या पुगलूरपर्यंत ६,००० मेगावॅट वाहून नेणारी एक विद्युतवाहिनी आहे. इथल्या कोळशाची वीज दक्षिणेला जावी म्हणून ती उभारली. पण तिची रचना दोन्ही दिशांना चालेल अशी आहे. दक्षिणेत वारा जोरात असेल तेव्हा पवनचक्क्यांची वीज उत्तरेकडे येऊ शकते. ज्या तारेतून मुद्दल जातं, त्याच तारेतून व्याज परत येऊ शकतं.

नऊ वाजत आले. दुकानांची शटरं खाली येतायत, एकेक दिवा मालवतोय. आज घरी गेल्यावर विजेचं बिल काढून बघा. युनिटांचा आकडा दिसला की त्याला ७०० ग्रॅमनं गुणा, आणि ते पोतं कोणाच्या दारात पडलंय, याचा एकदा विचार करा.

पुढच्या भागात भेटू. नमस्कार.