हर्क्युलीस सी-१३० : अपघात व उड्डाणसुरक्षा

अमेरिकेतील लॉकहीड कंपनीचे चार टर्बोप्रॉप इंजिनांचे लष्करी वाहतूक विमान. पहिले उड्डाण २३ ऑगस्ट १९५४ रोजी झाले. आखूड व कच्च्या धावपट्ट्यांवर उतरण्याची क्षमता आणि मागच्या बाजूस उघडणारा उतरता दरवाजा यांमुळे साठांहून अधिक देशांनी ते वापरले. सी-१३०जे ही नवी आवृत्ती २०११ पासून भारतीय हवाई दलात आहे. सात दशके उत्पादन चालू राहिल्याने या एकाच विमानाच्या अपघातनोंदींत धातूपासून माणसापर्यंत बहुतेक सर्व प्रकारची कारणे सापडतात.

कारण चुकीचे ठरले तर धडाही चुकतो, याचे सर्वांत बोलके उदाहरण कॅलिफोर्नियातील आहे. १३ ऑगस्ट १९९४ रोजी पेअरब्लॉसमजवळ वणवे विझवण्यासाठी वापरले जाणारे जुने सी-१३०ए कोसळून तिघे दगावले. इंधनाच्या वाफेचा स्फोट झाला असावा, असा तेव्हाचा निष्कर्ष होता. १७ जून २००२ रोजी त्याच राज्यात वॉकर येथे तशाच प्रकारचे विमान आगीवर रसायन सोडत असताना त्याचे पंख मुळापासून तुटले. हे दृश्य चित्रफितीत टिपले गेले. याही वेळी तिघे गेले. पंखाच्या खालच्या पत्र्यात धातूच्या शिणवटीच्या भेगा आढळल्या. वर बसवलेल्या जोडपट्टीमुळे त्या वरवरच्या तपासणीत दिसत नव्हत्या. मग १९९४चे प्रकरण पुन्हा उघडले गेले आणि तेथेही शिणवटीच निघाली. लष्करी मालवाहतुकीसाठी आखलेले पंख आगीवरच्या खालच्या, धक्क्यांच्या उड्डाणांत किती तास टिकतील, हा प्रश्न आठ वर्षे आधीच विचारता आला असता.

१० जुलै २०१७ रोजी मिसिसिपी राज्यात अमेरिकन मरीन दलाचे केसी-१३०टी आकाशातच मोडले आणि १६ जण मृत्युमुखी पडले. प्रोपेलरचे एक पाते निखळून विमानाच्या धडात घुसले होते. पात्यावरच्या गंजाच्या खड्ड्यातून भेग वाढत गेली होती. २०११ मध्ये हे पाते दुरुस्ती-आगारातून गेले, पण गंज तसाच राहिला. चालक दलाच्या हाती येथे काहीच नव्हते.

जलालाबादच्या अपघातात मात्र विमान पूर्ण निर्दोष होते. २ ऑक्टोबर २०१५च्या मध्यरात्रीनंतर अफगाणिस्तानातील या तळावर इंजिने चालू ठेवूनच अमेरिकी हवाई दलाच्या सी-१३०जेमध्ये माल चढवला जात होता. माल उंच असल्याने शेपटीवरचे एलेव्हेटर वर धरून ठेवावे लागे. वैमानिकाने काही वेळ नियंत्रणदांडा हाताने ओढून धरला, मग रात्री दिसण्याच्या चष्म्याची टणक पेटी दांड्यापुढे अडकवली. कामापुरती केलेली ही सोय उड्डाणापूर्वी काढायची राहून गेली. विमान उडताच नाक वर उचलत गेले. सहवैमानिकाला तो ट्रिम-यंत्रणेचा बिघाड वाटला आणि उपाय त्याच समजुतीवर झाला. पंखांची उचल संपून विमान काही सेकंदांतच कोसळले. विमानातील ११ व जमिनीवरील ३ जण ठार झाले. हलगर्जीपणा म्हणून हे प्रकरण मिटवणे सोपे आहे, पण ते अपुरे ठरते. घाईच्या कामात अशा कामचलाऊ युक्त्या कौतुकाच्याच ठरतात आणि कोणत्याही तपासणी-यादीत त्यांची नोंद नसते. अंधाऱ्या कॉकपिटमध्ये चष्मे लावलेल्या दोघांना पेटी दिसली नाही, यात नवल नाही.

१५ मार्च २०१२ रोजी नॉर्वेचे सी-१३०जे स्वीडनमधील केबनेकाइसे पर्वतावर आदळून पाच जणांचा अंत झाला. हवाई नियंत्रकाने दिलेली उंची त्या डोंगराला पुरेशी नव्हती आणि चालक दलाने ती तपासून न पाहता स्वीकारली. दोन्ही बाजूंना समोरच्याने पाहिले असेल असे वाटले असावे. जमीन जवळ आल्याचा इशारा देणारी यंत्रणाही गप्प राहिली.

भारताने २८ मार्च २०१४ रोजी आग्र्याहून निघालेले सी-१३०जे ग्वाल्हेरच्या पश्चिमेस गमावले. अगदी खालून, दोन विमानांच्या जोडीने सराव चालू असताना मागचे विमान पुढच्याच्या पंखांमागे उठणाऱ्या हवेच्या भोवऱ्यात सापडले व पाच जणांना वीरगती मिळाली. हे भोवरे डोळ्यांना दिसत नाहीत आणि जमीन जवळ असल्यावर सावरायला उंची उरत नाही. अशा उड्डाणात अंतर व उंची ही एकत्रच ठरवावी लागतात.

अमेरिकी हवाई दलात अशा घटनांची दुहेरी चौकशी होते. सुरक्षा मंडळापुढील जबाब गोपनीय असतात व ते शिस्तभंगासाठी वापरले जात नाहीत. दुसऱ्या मंडळाचा अहवाल प्रसिद्ध होतो. जलालाबादची पेटी जगभरच्या हर्क्युलीस वैमानिकांना माहीत झाली ती या दुसऱ्या अहवालामुळे. भारतीय हवाई दलाच्या कोर्ट ऑफ इन्क्वायरीचे अहवाल सहसा प्रसिद्ध होत नाहीत, त्यामुळे ग्वाल्हेरच्या धड्याची चर्चा दलाबाहेर फारशी गेली नाही.