मॅनेज : घोड्यापासून अप्रेझलपर्यंत

ऑफिसमध्ये दिवसभरात सर्वात जास्त वेळा कानावर पडणारं क्रियापद कुठलं? माझं मत 'मॅनेज'ला. प्रोजेक्ट मॅनेज करायचा, वेळ मॅनेज करायचा, क्लायंटच्या अपेक्षा मॅनेज करायच्या आणि हो, माणसंसुद्धा मॅनेज करायची. गंमत म्हणजे हा शब्द मुळात माणसांसाठी नव्हताच. तो होता घोड्यांसाठी!

लॅटिनमध्ये हाताला म्हणतात 'मानुस'. त्यावरून इटालियनमध्ये 'मानेज्जारे' आला, म्हणजे हाताळणे, विशेषतः घोडा हाताळून शिकवणे. (आपला 'हाताळणे'ही हातावरूनच आलाय की!) तेव्हा घोडेस्वारी शिकावी तर इटलीत. नेपल्सच्या फेदेरिको ग्रिझोनेचं या विषयावरचं गाजलेलं पुस्तक १५५० सालचं. सोळाव्या शतकातच इंग्रजांनी हा शब्द उचलला. शेक्सपिअरच्या 'रिचर्ड दुसरा' नाटकातही तो अनावर घोड्यांच्या संदर्भात येतो. थोडक्यात, पहिला मॅनेजर म्हणजे आपला चाबुकस्वार.

पुढे त्यात फ्रेंच 'मेनाजे'ची भेसळ झाली. याचा अर्थ घर चालवणे, काटकसर करणे. हा शब्द हातावरून नाही, घरावरून आलेला. पण उच्चार जवळचा, त्यामुळे अर्थ मिसळले. म्हणूनच 'आय विल मॅनेज' म्हणजे 'भागवेन मी कसंतरी'. आपल्याकडे गावाकडची बाई नवऱ्याला 'कारभारी' म्हणते, तसं हे घरगुती मॅनेजमेंट.

मग आले कारखाने. फ्रेडरिक टेलर नावाच्या अमेरिकन इंजिनिअरने १९११ साली 'प्रिन्सिपल्स ऑफ सायंटिफिक मॅनेजमेंट' लिहिलं. त्यात बेथलहेम स्टीलमधल्या एका मजुराची गोष्ट आहे. टेलर त्याला 'श्मिट' म्हणतो. रोज साडेबारा टन कच्चं लोखंड उचलणारा हा माणूस, कधी उचलायचं आणि कधी थांबायचं हे दुसऱ्याने सांगितल्यावर साडेसत्तेचाळीस टन उचलू लागला. काम जवळजवळ चौपट, मजुरी मात्र १.१५ डॉलरवरून १.८५ डॉलर! नंतरच्या अभ्यासकांनी दाखवून दिलं, की या गोष्टीला टेलरने बरंच तिखटमीठ लावलंय. पण त्याची नजर लक्षात घेण्यासारखी आहे. असं काम करणाऱ्या माणसाची तुलना तो चक्क बैलाशी करतो. घोडा गेला, बैल आला. विचार करायचा तो मॅनेजरने, राबायचं ते इतरांनी.

१९५४ साली पीटर ड्रकरने जरा वेगळा सूर लावला : उद्दिष्टं ठरवा आणि माणसाला स्वतःवर लक्ष ठेवू द्या. आपण अप्रेझलच्या वेळी 'गोल्स' भरतो ना, त्याचं मूळ बरंचसं इथे आहे. फक्त 'स्वतःवर' हा भाग वाटेत कुठेतरी गळला. गोल्स वरून उतरतात, आपण ते कॉपी-पेस्ट करतो :)

मराठीने तर या शब्दाला आणखी एक अर्थ दिला. 'मॅच मॅनेज झाली', 'साहेबाला मॅनेज केलंय'. म्हणजे सेटिंग!

असो. मुद्दा असा, की हे सगळे अर्थ या एकाच शब्दात अजून जिवंत आहेत. लगाम खेचणारा मॅनेजर असतो, टन मोजणारा असतो, आणि आहे त्यात सगळ्यांना सांभाळून घेत घर चालवावं तशी टीम चालवणाराही असतो. आपल्यातले बरेचजण आज ना उद्या टीम लीड होणार. शब्द तर तोच मिळणार आहे. अर्थ मात्र आपण निवडायचा.