नदीचा उतार : नाव पदरची कीं भाड्याची?

भोर आणि वेल्हे या दोन तालुक्यांचा इतिहास म्हटला म्हणजे राजगड, तोरणा, रोहिडा हे किल्ले आणि मावळांतील देशमुखांचे वाडे वाचकांच्या डोळ्यांपुढें उभे राहतात. नद्यांकडे इतिहासाचें लक्ष सहसा जात नाहीं. परंतु ज्या मुलखाचे भागच खोऱ्यांच्या व मावळांच्या नांवांनीं ओळखले जातात — रोहिड खोरें, वेळवंड खोरें, हिरडस मावळ, गुंजण मावळ, कानंद मावळ — त्या मुलखांत पावसाळ्याचे चार महिने माणूस एका कांठावरून दुसऱ्या कांठावर कसा जाई आणि त्याचा खर्च कोण सोशी, हा प्रश्न गौण नव्हे. प्रस्तुत लेखांत आम्ही तो अगदीं साध्या रूपांत मांडणार आहों. नाव पदरची असावी कीं भाड्याची? दोहोंचा खर्च काय, दोहोंचें सुख काय, आणि आपल्या पूर्वजांनीं या दोहोंखेरीज तिसरी कांहीं तोड काढली होती काय?

प्रथम नद्यांचा स्वभाव पाहूं. नीरा हिरडस मावळांत उगम पावून भोरावरून पूर्वेस जाते. वेळवंडी तिला भाटघरच्या खालीं मिळते. वेल्ह्याकडील कानंदी व गुंजवणी यांचें पाणीही शेवटीं नीरेंतच येतें. आंबी व मोसी या मात्र मुठेकडे वळतात. सह्याद्रीचा माथा जवळ असल्यामुळें या सर्व नद्यांना पूर लवकर चढतो व लवकर उतरतो. आषाढांत घोंगडी पांघरून कांठावर उभ्या राहिलेल्या माणसास पलीकडचें शेत दिसतें, पण तेथें पाय ठेववत नाहीं. माघांत तेंच पात्र लहान मूल घोटाभर पाण्यांतून ओलांडतें. घाटाखालीं स्थिति याच्या उलट आहे. वरंधाघाट उतरून महाडास गेलें म्हणजे तेथें सावित्रीच्या खाडींतून भरतीबरोबर गलबतें येत. भोर संस्थानाचाच सुधागड तालुका कोंकणांत असून त्यांतून वाहणाऱ्या अंबा नदीवर खालीं नागोठण्याचें बंदर होतें. कोंकणांतील नाव ही बारमाही कमाईचें साधन होय. घाटमाथ्यावरील नाव ही चार महिन्यांची नड भागविणारी वस्तु होय. एकाच संस्थानांत नावेचे हे दोन अर्थ होते, ही गोष्ट ध्यानांत ठेवल्यावांचून पुढील हिशेब नीट समजणार नाहीं.

आतां पदरच्या नावेचा हिशेब मांडूं. लांकूड व सुताराची मजुरी हा पहिला खर्च एकदांच होतो, म्हणून तो सर्वांना दिसतो. न दिसणारा खर्च पुढें आहे. नदी आटल्यावर नाव कांठावर ओढून ठेवावी लागते. वैशाखाच्या उन्हानें फळ्या आकसतात व सांधे उघडतात. मृग लागण्यापूर्वीं ते सांधे पुन्हां ठासून, तेल वा डांबर देऊन, नाव पाण्यांत उतरवून तपासावी लागते. म्हणजे चालविण्यानें नाव जितकी झिजते तितकीच न चालविण्यानेंही झिजते. शिवाय पुराच्या पाण्यांत वल्हें धरणारा हात हा नुसत्या मजुराचा असून चालत नाहीं. तो नदीचे भोवरे, खडक व उतार ओळखणारा पाहिजे, आणि असा माणूस चार महिन्यांपुरता ठेवून उरलेले आठ महिने त्यास वाऱ्यावर सोडतां येत नाहीं. वर्षाचें भांडवल गुंतवून तिसऱ्या हिश्शाचाच उपयोग हातीं येणार, हा व्यवहार एकट्या शेतकऱ्यास परवडण्यासारखा नव्हता. म्हणूनच गरीब मनुष्य नावेच्या वाटेस न जातां भोपळ्यांची सांगड बांधून पार होई. तींत खर्च थोडा, पण जिवाची जोखीम पुरी.

भाड्याच्या नावेंत भांडवलाचें ओझें नाहीं. परंतु तिचीं दुखणीं निराळीं. नावाडी पलीकडे असला तर त्याला हांका मारीत पावसांत उभें राहावें लागतें. पूर जितका मोठा तितकी उतारूची नड मोठी, आणि नड जितकी मोठी तितकें भाडें वाढविण्याचा मोह मोठा. हा मोह आजकालचा नव्हे, हें आपल्या जुन्या ग्रंथांवरून स्पष्ट दिसतें. कौटिल्यानें अर्थशास्त्राच्या दुसऱ्या अधिकरणांत नावध्यक्ष नांवाचा अधिकारी सांगितला असून तरीचे दर बांधून दिले आहेत : ओझें घेतलेला मनुष्य किंवा लहान पशु यास १ माषक, गाय व घोडा यांस २, उंट व म्हैस यांस ४, मोठ्या गाड्यास ७, मोठ्या नदीवर दर दुप्पट. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायांतही रिकामा मनुष्य, पशु, ओझेंवाला व गाडी यांचे चढते दर आहेत. गर्भिणी, संन्यासी इत्यादिकांकडून कांहीं घेऊं नये, असें दोघेही सांगतात. आषाढी पौर्णिमेनंतर एक सप्ताह लोटल्यापासून कार्तिकीपर्यंत तर चालवावी, ही कौटिल्याची मर्यादा तर आमच्या मावळच्या नद्या पाहूनच घातल्यासारखी वाटते.

यांहून महत्त्वाचा भाग जोखमीचा आहे. पुरेशीं माणसें व साधनें नसलेली किंवा न दुरुस्त केलेली नाव बुडाली तर झालेलें नुकसान नावध्यक्षानें भरून द्यावें, असें कौटिल्य म्हणतो. नावाड्यांच्या अपराधानें माल गेला तर त्यांनीं सर्वांनीं मिळून तो भरावा, मात्र दैवी आपत्तींत दंड नाहीं, असें मनूचें मत. म्हणजे जो भाडें घेतो त्यानें नाव धड ठेवण्याचा भारही घ्यावा, हें तत्त्व दोहोंना मान्य होतें. शिवाय शंख व मोतीं काढणाऱ्यांनीं सरकारी नावेचें भाडें द्यावें अथवा आपापल्या नावांतून जावें, असा विकल्पही कौटिल्यानें ठेवला आहे. आमच्या लेखाच्या मथळ्यांतील प्रश्न इतका जुना आहे.

महाराष्ट्रांत या प्रश्नाचें एक तिसरें उत्तर शिलेवर कोरलेलें आढळतें. नहपान क्षत्रपाचा जामात उषवदात याच्या नाशिक येथील पांडवलेण्यांतील लेखांत त्यानें इबा, पारादा, दमण, तापी, करबेणा व दाहानुका या नद्यांवर धर्मार्थ, विनामूल्य नावा ठेविल्याचा, तसेंच त्या नद्यांच्या दोन्ही कांठांवर सभा व पाणपोया घातल्याचा उल्लेख आहे. येथें नाव उतारूची नाहीं व भाड्याचीही नाहीं. ती पुण्याची आहे. तथापि पुण्याच्या नावेची एक उणीव अशी कीं दाता असेपर्यंत ती चालते. दात्याचे हात आंखडले म्हणजे सांधे ठासणार कोण?

ही उणीव आमच्या गांवगाड्यानें ओळखली होती असें दिसतें. मोल्सवर्थच्या कोशांत बलुतेदारांच्या ज्या तीन ओळी दिल्या आहेत त्यांपैकीं धाकट्या ओळींत भट, मुलाणा व गुरव यांच्या बरोबरीनें कोळी आहे. पाणी भरणें हें कोळ्याचें नित्याचें काम. नदीकांठच्या गांवीं नावेचें कामही बहुधा याच जातीकडे असे. बलुत्याचें तत्त्व असें कीं कुणब्यानें खळ्यावर धान्य घालावें तें कामाच्या मोजणीनें नव्हे, वर्षाच्या संबंधानें. या तत्त्वानें चालणाऱ्या नावेचा हिशेब फार समंजस आहे. जो कुणबी वर्षांत एकदांही पलीकडे गेला नाहीं तोही धान्य घालतो. जो रोज जातो त्यास अधिक मागितलें जात नाहीं. परगांवच्या उतारूनें मात्र रोख भाडें द्यावें. यामुळें आठ महिने कोरड्या नदीच्या कांठीं बसलेल्या नावाड्याचें पोट चालतें आणि पुराच्या दिवशीं गांवच्या माणसाची अडवणूक होत नाहीं. नाव एकाच्या पदरची नसून गांवाच्या पदरची झाली. या रीतींत दोषही होतेच : काम वंशपरंपरेचें असल्यामुळें वाटे पडत, आणि धान्य कमी पडलें म्हणजे तंटे होत; बलुतें मागावयास खळ्यावर उभें राहणाऱ्याचा मान कोणता होता हेंही विसरूं नये. पण खर्च वांटून घेण्याची युक्ति म्हणून ती उपेक्षणीय नाहीं.

पदरच्या नावेचें सामर्थ्य केव्हां दिसून येतें याचें उदाहरण लष्करी इतिहासांत सांपडतें. इ. स. १८०३ मध्यें आर्थर वेलस्ली दक्षिणेंतून पुण्यास आला. नद्या भरल्या असतां मराठी घोडदळास त्या उतरतां येत नाहींत, आपल्याजवळ नावा असल्या तर आपण उतरूं शकूं, म्हणून पावसाळाच युद्धास सोयीचा, असा त्याचा हिशेब होता. मुंबईहून मागविलेल्या जड होड्या गाड्या मोडल्यामुळें वाटेंतच अडकल्या. तेव्हां त्यानें बांबू विणून वर कातडें मढविलेल्या टोपलीवजा नावा करवून घेतल्या. ८ ऑगस्ट रोजीं, ऐन पावसाळ्यांत, त्यानें अहमदनगरावर हल्ला केला. ज्यास नदीची वाट पाहावी लागत नाहीं त्यास ऋतु निवडण्याचा अधिकार मिळतो; पदरच्या नावेचें खरें मोल हेंच.

इंग्रजी अमलांत १८६८ च्या मुंबई इलाख्याच्या दुसऱ्या कायद्यानें सरकारी तरींची व्यवस्था लागली. दर ठरले, मक्ते दिले जाऊं लागले. उतारूस दराची निश्चिति मिळाली, परंतु मक्तेदाराचा संबंध वर्षापुरता, आणि गांवाचा नावेशीं असलेला खळ्यावरचा संबंध सुटत गेला. पुढें जेथें जेथें पूल झाले तेथें तेथें हा हिशेबच मिटला. शंकराजी नारायण सचिवांची समाधि जेथें आहे त्या आंबवड्याचा संस्थानी अमदानींतील झुलता पूल आजही पाहण्यासारखा आहे.

नाव इतिहासजमा झाली, असें म्हणून येथें लेख संपविणें सोपें होतें. परंतु भोर-वेल्ह्याच्या बाबतींत घडलें तें उलटेंच. वेळवंडीवर भाटघर येथें एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पहिलें धरण झालें आणि १९२८ मध्यें त्याच्या जागीं लॉइड धरण हें मोठें धरण पुरें झालें. एक मैलाहून लांब असा हा बांध २३ अब्ज घनफुटांहून अधिक पाणी अडवितो. त्या पाण्यावर बारामती, इंदापूर, फलटण, माळशिरस येथील ऊंस उभा राहिला. वेळवंड खोऱ्यांत मात्र जी नदी आठ महिने पायीं ओलांडतां येत होती ती बारा महिने पायीं ओलांडतां येईनाशी झाली. वेल्ह्याकडे आंबीवर पानशेत व मोसीवर वरसगांव यांनीं तेंच केलें. पानशेतचें धरण १२ जुलै १९६१ रोजीं फुटून पुण्यावर जो प्रलय आला तो सर्वांस ठाऊक आहे, पण धरणाच्या वरच्या अंगास राहणाऱ्यांचें पुढें काय झालें हें कोणी सहसा विचारीत नाहीं.

आम्ही एका वैशाखांत भाटघरच्या पाण्याकांठीं गेलों होतों. पाणी उतरलें म्हणजे कांबरे येथील महादेवाचें मंदिर, जें वर्षांतील बहुतेक काळ जलांत असतें, तें उघडें पडतें. लोक भक्तीनें दर्शनास येतात. भोंवतालच्या उघड्या गाळांत गाळपेर होते. कांठ दररोज सरकतो, म्हणून नाव लावण्याची जागाही सरकते, आणि उतारूस गुडघाभर चिखल तुडवून नावेपर्यंत जावें लागतें. पूर्वीं नाव चार महिन्यांची नड होती ती आतां बारमाही झाली, आणि नदीचा जो पाट दगडफेकीच्या टप्प्यांत होता त्याच्या जागीं रुंद जलाशय आला. साध्या होडीस वल्हीं मारून तो ओलांडणें कष्टाचें, म्हणून यंत्राची लाँच आली. आणि लाँच ही कुणब्याच्या पदरीं असण्यासारखी वस्तु नव्हे. तिची वेळ ठरलेली असते. दूध, भाजी, शाळेंत जाणारें मूल यांना ठरलेली वेळ चालते. रात्रीं अडलेल्या बाळंतिणीस चालत नाहीं. म्हणून जलाशयाकांठच्या घरास भाड्याची लाँच स्वस्त असली तरी पदरच्या होडीची ओढ राहते. ही ओढ हौसेची नाहीं.

हौसेचीही नाव असते, हें नाकारण्याचें कारण नाहीं. पुण्यास जमशेटजी जिजीभाईंच्या देणगीनें बंधारा झाल्यावर मुळामुठेचें पाणी वर तुंबलें व तेथें साहेबलोकांची नौकाविहाराची मंडळी जमली; आज पानशेतावर सुटीच्या दिवशीं शहरांतील कुटुंबें भाडें देऊन घटकाभर फिरून येतात. स्थिर पाण्यावर, तोरण्याची सांवली पूर्वेस लांबत असतां वल्ह्याचा आवाज ऐकणें हें सुख खरेंच आहे, आणि घटकाभराच्या सुखासाठीं भाड्याची नाव हाच शहाणपणा होय. नौकामंडळानें तर वर्गणी काढून नावेचा खर्च सभासदांत वांटला. बलुत्याचें तत्त्व कोटटोपी घालून पुन्हां आलें, एवढेंच.

सारांश असा कीं, क्वचित् पार होणाऱ्यास व हौसेनें फिरणाऱ्यास भाड्याची नाव. ज्यास ऋतूची व वेळेची वाट पाहणें परवडत नाहीं त्यास पदरची. आणि ज्या खोऱ्यांत सर्वांनाच रोज पलीकडे जाणें आहे तेथें गांवाच्या पदरची, हाच जुन्या अनुभवाचा निर्णय आहे. मात्र भाटघरच्या संबंधांत ‘गांव’ या शब्दाची व्याप्ति किती धरावी, हें ठरविलें पाहिजे. बलुत्याच्या रीतींत नदी न ओलांडणारा कुणबीही खळ्यावर धान्य घालीत असे, कारण नदीचा लाभ व त्रास हे सर्व गांवाचे मानले जात. वेळवंडीचा त्रास आज वेळवंड खोऱ्याकडे आहे व तिचा लाभ माळशिरसापर्यंत पोंचला आहे. जुन्या न्यायानें पाहतां ज्याच्या खळ्यावर त्या पाण्याचें पीक येतें त्याच्या राशींतला एक वाटा वरच्या कांठावरील नावेस लागतो. हा न्याय आमचा नव्हे. ज्या कोळ्यानें आषाढांत पुरांत नाव घातली आणि पौषांत खळ्यावर पदर पसरला, त्याच्या हिशेबांतूनच तो निघतो.