राखणीचे मांजर

जव्हार आणि मोखाडा या डोंगराळ तालुक्यांत वाघबारस आली म्हणजे पाड्यापाड्यांतून वाघोबाची पूजा होते, गुराढोरांना आणि माणसांना सांभाळ असे त्यास विनविले जाते, आणि त्यापुढे दिवाळी सरते न सरते तोच घरांची दारे एकामागून एक बंद होऊ लागतात. ज्या मुलखात वाघाला देवत्व आहे, तेथे त्याची मावशी मात्र नेमकी याच सुमारास एकाकी पडते, ही गोष्ट मला या प्रदेशाच्या इतिहासात फार दिवस खुपत आली आहे. शहरातील धनी सुटीसाठी आठ-पंधरा दिवस परगावी जातो, तेव्हा शेजारी दूधभाताची सोय करतो. येथील धनी जातो तो पोटासाठी, आणि पुरते सहा महिने.

इंग्रजी अंमलात हे दोन भाग निरनिराळ्या सत्तांखाली होते: जव्हार हे मुकणे घराण्याचे संस्थान, जे १९४८ साली मुंबई प्रांतात विलीन झाले, आणि मोखाडा हा ठाणे जिल्ह्यातील शहापूर तालुक्याचा पेटा. १८८२ साली प्रसिद्ध झालेल्या ठाणे जिल्ह्याच्या गॅझेटियरात नांगर, गाड्या, बैल, म्हशी आणि शेळ्यामेंढ्या यांची मोजदाद आढळते, कारण महसुलाशी या साऱ्यांचा संबंध होता. मांजराला त्या मोजणीत रकाना नाही. वास्तविक कुडाच्या घरात, शेणामातीने लिंपलेल्या कणगीत जी नागली आणि वरई साठविलेली असे, तिचे उंदरांपासून रक्षण करणारा चाकर तोच होता. पश्चिम आशियात सुमारे दहा हजार वर्षांपूर्वी धान्याच्या कोठारांभोवती उंदीर जमले, उंदरांमागे रानमांजर आले आणि हळूहळू माणसाळले. तोच जुना करार या पाड्यांवर, कोणत्याही दस्तऐवजाविना, आजतागायत पाळला जात आहे.

परंतु कणगीच जेथे माघ-फाल्गुनात तळ दाखविते, तेथे राखण तरी कशाची करावयाची? पावसाच्या एकाच पिकावर, उतारावरच्या पातळ मातीवर, वारली, कोकणा, महादेव कोळी, ठाकूर आणि कातकरी कुटुंबांचा संसार अवलंबून. त्यात १८७८ च्या जंगल कायद्याने रानावरचे पिढीजात हक्क आक्रसले, आणि पावसाळ्यात उपासमार टाळण्यासाठी सावकाराकडून घेतलेली खावटी सुगीला सवाई-दिढीने फेडावी लागे. प्रथम ठेकेदाराच्या कुपावर लाकूडतोडीसाठी, आणि पुढे मुंबईभोवतीची शहरे फुगू लागली तशी भिवंडी, कल्याण, वसईकडील वीटभट्ट्यांवर माणसे जाऊ लागली. सावकाराची जागा मुकादमाने घेतली, खावटीची जागा उचलीने. कर्ज मात्र पावसाळ्यातच काढले जाई आणि दिवाळीनंतर अंगमेहनतीने फिटे. वेठबिगारी नष्ट करणारा कायदा १९७६ साली झाला, रोजगार हमीचा कायदा १९७७ साली. तथापि कामाची मजुरी वेळेवर हाती पडली नाही की त्याच जुन्या वाटेला पावले लागतात.

भट्टीचा ट्रक पाड्यावर येतो तेव्हा त्यात भांडीकुंडी, गोधड्या, पाटीखाली झाकलेल्या कोंबड्या आणि तान्ही मुले चढतात, कधी कुत्रेही चढते. मांजर चढत नाही, आणि कोणी चढवीतही नाही. कारण कच्च्या विटा रचून उभारलेल्या खोपीत, धुराच्या आणि अनोळखी माणसांच्या गर्दीत नेलेले मांजर पहिल्याच रात्री बुजून पळते, आणि हरवलेल्या मांजराची वाट पाहण्यास भट्टीवर कोणास सवड नसते. म्हणून काही घरी राखणीस म्हातारी मागे राहते, आणि म्हातारीला मांजर; बाकीच्या घरांना कुलूप. मुलांची शाळा बुडू नये म्हणून शासनाने हंगामी वसतिगृहांची योजना आणली, तेव्हापासून आजीजवळ एखादे नातवंड राहू लागले, ही त्या मुक्या जीवाच्याही दृष्टीने मोठीच गोष्ट झाली.

मांजर कृतघ्न असते, ते घरावर प्रेम करते, माणसावर नव्हे, हा आक्षेप मला कधीच पटला नाही. ज्या हाताने रोज सुकटीचे डोके पुढे टाकले तो हात नाहीसा झाला म्हणजे ते तिन्हीसांजेला बंद दाराशी येऊन ओरडते, समोरचे अन्न हुंगून तसेच टाकते, धन्याच्या वासाच्या जुन्या फडक्यावर अंगाचे वेटोळे करून पडते. मग भूक त्यास बांधांकडे, गवताच्या गंजीकडे, सरडे आणि उंदरांकडे नेते. अमेरिकेतील ओरेगन येथील संशोधकांनी २०१९ साली असे दाखविले की, दोन मिनिटांच्या ताटातुटीनंतर ओळखीचे माणूस परतले असता जवळजवळ दोन-तृतीयांश पिल्ले निर्धास्त होतात. स्वीडनमधील २०१७ च्या एका अभ्यासात अर्ध्या तासापेक्षा चार तासांच्या विरहानंतर मांजरे अधिक घुरघुरली आणि त्यांनी अधिक आळोखेपिळोखे दिले. मिनिटांचा आणि तासांचा हा हिशेब. कार्तिकापासून वैशाखापर्यंतच्या विरहाचे मोजमाप कोणत्या प्रयोगशाळेत व्हावे?

होळीला काही माणसे चार दिवस येऊन जातात, आणि मांजराची समजूत पुन्हा एकदा विस्कटते. खरे परतणे रोहिणी नक्षत्राच्या तोंडावर. विटांच्या धुळीने लाल झालेली माणसे अंगणात उतरतात, तेव्हा एव्हाना रानटी झालेले, रोडावलेले ते जनावर कुडाच्या आडून पाहत राहते, हाकेला कान टवकारते, पण पुढे येत नाही. घरधनीण त्याच्यामागे धावत नाही. ती आत जाऊन सहा महिने थंड पडलेली चूल सारवते, काटक्या लावून फुंकर घालते, आणि रात्री नागलीची भाकरी भाजून झाल्यावर विस्तव बाजूला ओढून ठेवते. पहाटे उठून पाहावे तो मांजर वैलाशेजारच्या कोमट राखेत निजलेले असते.