शिवराईचे ठसाभेद

शिवराई या मराठेशाहीतील तांब्याच्या नाण्याचे, ते पाडताना वापरलेल्या ठशांवरून ओळखू येणारे पोटप्रकार. तसेच हे पोटप्रकार जमवण्याचा व अभ्यासण्याचा छंद. शिवराईची सुरुवात शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकाशी (6 जून 1674) जोडली जाते. दर्शनी बाजूवर तीन ओळींत ‘श्री राजा शिव’, मागे दोन ओळींत ‘छत्र पति’ आणि भोवती ठिपक्यांची किनार, एवढाच नाण्यावरचा मजकूर. सहसा सन नसतो, टाकसाळीचे नावही नसते. पेशवाईतही हाच मजकूर चालू राहिला. त्यामुळे हाती आलेली शिवराई कोणत्या काळातली, हे ठरवायला अक्षरांचे वळण, वजन आणि ठसा हीच साधने उरतात. ठसाभेदांचे महत्त्व त्यात आहे.

घडण : तांब्याची चकती ऐरणीत बसवलेल्या खालच्या ठशावर ठेवत, तिच्यावर वरचा ठसा धरून घणाचा घाव घालत. ठसे हाताने कोरलेले असत, म्हणून दोन ठसे तंतोतंत सारखे निघत नसत. घाव थेट वरच्या ठशावर पडत असल्याने तो आधी झिजे किंवा तडके आणि बदलला जाई. खालचा टिकून राही. म्हणूनच एकच खालचा ठसा वेगवेगळ्या वरच्या ठशांबरोबर आढळतो. अशा जोड्या एकमेकींना लावत गेल्यास नाण्यांची साखळी तयार होते, आणि ठशाची वाढती झीज पाहून त्या साखळीतील आधीचे नाणे कोणते, नंतरचे कोणते, हे सांगता येते. चकती अनेकदा ठशापेक्षा लहान असे. त्यामुळे संपूर्ण मजकूर एकाच नाण्यावर क्वचित मिळतो. एकाच ठशाची तीन-चार नाणी शेजारी ठेवली तरच तो ठसा पुरता वाचता येतो. संग्राहक एकसारखी दिसणारी नाणी पुन्हा पुन्हा का घेतात, याचे उत्तर यात आहे.

मुख्य भेद : (1) लेखनभेद : ‘शिव’, ‘शीव’, ‘सिव’, ‘सीव’, ‘पति’, ‘पती’. (2) चिन्हे : चंद्र, सूर्य, फूल, त्रिशूळ, बेलाचे पान इत्यादी. (3) दुदांडी शिवराई : ओळींच्या मध्ये दोन आडव्या रेघा असलेली, ही उशिराची मानली जाते. (4) वजन : जुन्या समजल्या जाणाऱ्या शिवराया बहुधा 11 ते 13 ग्रॅमच्या आसपास भरतात, दुदांडी त्याहून हलक्या. खुद्द महाराजांच्या हयातीत पाडलेल्या शिवराया नेमक्या कोणत्या, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत.

ठसाभेद आणि ठोक्यातील दोष यांत गल्लत करू नये. घाव दोनदा पडून अक्षर दुहेरी उमटले, तर तो वेगळा ठसा नव्हे. ठशाला तडा गेला असेल तर नाण्यावर त्या जागी बारीक उठावाची रेघ येते, कारण धातू तड्यात शिरतो. ओरखडा मात्र नाण्यात खोल गेलेला असतो. तिरक्या उजेडात भिंगाखाली हा फरक लगेच कळतो. ‘रा’च्या कान्यावरून गेलेली अशी उठावाची रेघ दोन नाण्यांवर त्याच जागी सापडली, तर ती दोन्ही एकाच ठशाची होत.

टाकसाळी : पेशवाईत खाजगी व्यक्तींना तांब्याची नाणी पाडण्याच्या सनदा मिळत. 1744 मध्ये नागोठण्याचे बाळाजी बापूजी व रेवदंड्याचे बहिरो राम दातार यांना तीन वर्षांसाठी अशा सनदा मिळाल्याचे महादेव गोविंद रानडे यांनी मराठी अमलातील चलन व टाकसाळी यांवरील 1899 च्या निबंधात नोंदवले आहे. पाडणारे अनेक आणि मजकूर एकच, यामुळे ठशांची संख्या फार वाढली.

अभ्यास : पहिला पद्धतशीर प्रयत्न अमेरिकन मराठी मिशनचे रेव्हरंड जस्टिन एडवर्ड्स अ‍ॅबट यांचा. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्यांनी सुमारे 25,000 शिवराया तपासल्या आणि त्यांवरील निबंध रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेच्या नियतकालिकात प्रसिद्ध केला. एवढ्या नाण्यांमुळेच लेखनभेदांची व्याप्ती प्रथम ध्यानात आली. पुढे भारतीय संत-चरित्रांच्या इंग्रजी अनुवादांमुळे अ‍ॅबट प्रसिद्ध झाले. नाणकशास्त्रातले त्यांचे हे काम तितकेच मोलाचे आहे. के. के. माहेश्वरी व केनेथ विगिन्स यांचा मराठ्यांच्या टाकसाळी व नाण्यांवरील ग्रंथ 1989 मध्ये नाशिकच्या नाणकशास्त्र संशोधन संस्थेने प्रसिद्ध केला.

तुलना : अमेरिकेच्या आरंभीच्या चांदीच्या डॉलरचा (1794–1803) अभ्यास याच पद्धतीने झाला. हॅझेल्टाइन (1881), बोलेंडर (1950), बॉवर्स व बोर्कार्ट (1993) यांच्या सूच्यांमुळे तेथे प्रत्येक ठसाजोडीला क्रमांक मिळाला. 1794 ची 1,758 नाणी एकाच ठसाजोडीची मानली जातात. तेथे नाण्यावर वर्ष आहे आणि टाकसाळीचे दप्तरही आहे. शिवराईच्या अभ्यासकाला नाण्यालाच दप्तर मानून चालावे लागते.

बावडा परिसर : नाणे कोठे सापडले याचे महत्त्व एका उदाहरणाने पाहता येते. बावडा (ता. इंदापूर, जि. पुणे) नीरा खोऱ्यात आहे. इंदापूर परगणा शहाजीराजांच्या जहागिरीत होता. शिवराई बाजारातून दूरवर फिरे, म्हणून या भागात मिळालेले नाणे येथेच पाडले असे म्हणता येत नाही. तरीही शेतात नांगरताना नाणे निघाल्यास गाव, शिवार आणि सोबत मिळालेल्या वस्तू यांची नोंद ठेवणे अत्यावश्यक आहे. जागेची माहिती हरवलेल्या नाण्याचे निम्मे मोल जाते. जमिनीत सापडलेला दहा रुपयांहून अधिक मोलाचा ठेवा जिल्हाधिकाऱ्यांना कळवणे 1878 च्या कायद्याने बंधनकारक आहे.

जतन : नाणे चिंच, लिंबू वा पितांबरीने घासू नये. त्याने हिरवट-तपकिरी थर जातो आणि त्याबरोबर ठशाच्या बारीक रेघाही जातात. बनावट ओतीव नाण्यांवर बुडबुड्यांचे खड्डे व कडेला जोडाची रेघ दिसते.

संग्रह : अंजनेरी (नाशिक) येथील नाणी-संग्रहालय, भारत इतिहास संशोधक मंडळ, पुणे.