11 चा सहावा घात

'स्टार ट्रेक'चा 'द ट्रबल विथ ट्रिबल्स' हा भाग 29 डिसेंबर 1967 रोजी अमेरिकेत टीव्हीवर लागला. अंतराळस्थानकावरच्या धान्यकोठाराचं दार उघडतं आणि केसाळ, गोंडस ट्रिबल्सचा ढीग कॅप्टन कर्कच्या डोक्यावर कोसळतो. मी खूप हसलो. मग स्पॉक आकडा सांगतो: 17,71,561.

इतका नेमका? मी लॅपटॉप उघडला. दर 12 तासांनी प्रत्येकाला 10 पिल्लं, म्हणजे संख्या 11 पट. 3 दिवसांत असं 6 वेळा. 11 चा सहावा घात. उत्तर तंतोतंत!

लेखक डेव्हिड गेरॉल्ड तेव्हा 23 वर्षांचा होता. त्याच्या डोक्यात ऑस्ट्रेलियातले ससे होते. 1859 मध्ये थॉमस ऑस्टिनने शिकारीच्या हौसेपायी व्हिक्टोरियात जेमतेम दोन डझन ससे सोडले. त्यांनी कुरणं आणि पिकं फस्त केली. पश्चिम ऑस्ट्रेलियाने 1907 पर्यंत हजारो किलोमीटर कुंपण घातलं, तरी ससे पलीकडे पोचलेच.

माझ्या कोडमध्ये असा लूप सुटला, तर प्रोसेस बंद करता येते. स्कॉटीने तर सगळे ट्रिबल्स शत्रूच्या क्लिंगॉन जहाजावर पाठवून दिले. ऑस्ट्रेलियाकडे असं दुसरं जहाज नव्हतं.