पोशाख कलेचा, नाव कुणाचं?

२०२३ च्या एप्रिलमध्ये मुंबईच्या वांद्रे-कुर्ला संकुलातल्या नीता मुकेश अंबानी सांस्कृतिक केंद्रात 'इंडिया इन फॅशन' हे प्रदर्शन भरलं. क्युरेटर होते हॅमिश बोल्स. अठराव्या शतकात युरोपला वेड लावणारी छिटं, मलमल, काश्मिरी शाली आणि त्यांच्या प्रभावातून घडलेले शनेल, दिओर, इव्ह सां लोराँ यांचे उंची पोशाख तिथे एकत्र पाहायला मिळाले. पॅरिसच्या पोशाखकलेवर भारताचं किती ऋण आहे, हे त्यातून ठसठशीतपणे दिसलं. असा पोशाख म्हणजे कला आहे का, यावर माझं उत्तर नि:शंक 'हो' असं आहे. पण मग चित्राला किंवा शिल्पाला विचारतो तो पहिला प्रश्न पोशाखालाही विचारायला हवा: हे कुणाच्या हातचं? मुंबईच्या उपनगरांत हा प्रश्न टाळता येत नाही, कारण इथे पोशाखाची कला संग्रहालयाच्या कितीतरी आधी स्टुडिओत आणि कारखान्यात रुजली.

१९६० साली पडद्यावर आलेल्या 'मुगल-ए-आझम'चा शीशमहाल अंधेरीच्या मोहन स्टुडिओत उभा राहिला. त्या चित्रपटाच्या पोशाखांची हकिगत आजही सांगितली जाते ती अशी: शिवणारे दिल्लीचे, जरीकाम करणारे सुरत-खंबायतचे, दागिने हैदराबादच्या सोनारांचे, मुकुट कोल्हापूरच्या कारागिरांचे. गावं सगळ्यांना पाठ आहेत, माणूस मात्र त्यात एकही नाही. त्याच चित्रपटसृष्टीत कोल्हापूरच्या भानू अथैया, माहेरच्या राजोपाध्ये, यांचं नाव झालं. वडील चित्रकार, स्वतःचं शिक्षण जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये. १९५३ साली प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपच्या प्रदर्शनात त्यांची चित्रं लागली होती. पुढे त्या वेशभूषेकडे वळल्या आणि १९८३ मध्ये 'गांधी'साठी जॉन मोलो यांच्यासह त्यांना ऑस्कर मिळालं. चित्रकाराची नजर कापडावर उतरली तरी तिची उंची कमी होत नाही, याला याहून चांगला पुरावा कोणता? मात्र नाव झालं ते आराखडा करणाऱ्याचं. टाके घालणारा तेव्हाही निनावी होता.

कारागिराचंही नाव लावा म्हटलं, की पहिला आक्षेप ठरलेला: कल्पना डिझायनरची, कारागीर फक्त ती उतरवतो. हे पटण्याआधी अड्ड्यावरचं, म्हणजे कापड ताणून धरणाऱ्या लाकडी चौकटीवरचं, भरतकाम जवळून पाहावं. नक्षी आधी ट्रेसिंग पेपरवर काढतात, तिच्या रेषांवर सुईनं बारीक भोकं पाडतात. हा झाला खाका. तो ताणलेल्या कापडावर ठेवून वरून रॉकेलात कालवलेली पूड बोळ्यानं फिरवली, की ठिपक्याठिपक्यांची रेघ कापडावर उमटते. खाका सांगतो ते एवढंच. पाकळीत टाका कोणत्या दिशेनं वळवायचा, खालच्या हातानं धागा किती ओढून धरायचा म्हणजे वरच्या आरीच्या सुईतून साखळी सैल पडणार नाही, धातूच्या तारेचा सलमा कुठे दाट बसवला तर प्रकाश नेमका तिथे थांबेल, हे सगळं बसणाऱ्याच्या बोटांत असतं. तोच खाका दोघांना दिला तर दोन वेगळी फुलं उमलतात. डिझायनरचं श्रेय यानं तसूभरही घटत नाही. त्यात वाटेकरी आहे, इतकंच ठरतं.

दुसरा आक्षेप व्यवहाराचा आहे आणि तो वजनदार आहे. एका पोशाखावर अनेक हात बसतात. गोवंडीच्या किंवा धारावीच्या कारखान्यात बिहार, उत्तर प्रदेश, बंगालमधून आलेले कारागीर आज आहेत, उद्या नाहीत. मग नावं लावायची कुणाची? पहाडी चित्रांबद्दलही अगदी हेच म्हटलं जाई. कांगडा, गुलेर, बसोली अशी राज्यांची नावं चित्रांना चिकटली होती. कला-इतिहासकार बी. एन. गोस्वामींनी हरिद्वारच्या पंड्यांच्या वह्या चाळल्या, चित्रकारांच्या वंशावळी जुळवल्या आणि शैली दरबाराची नसून घराण्याची असते, असं दाखवून दिलं. हे मांडणारा त्यांचा लेख १९६८ साली मुंबईच्याच 'मार्ग' या कलाविषयक नियतकालिकात आला. आज नैनसुख या पहाडी चित्रकाराचं नाव कलेच्या इतिहासात ठाम उभं आहे. दोनशे वर्षांपूर्वीच्या चित्रकारांची नावं वह्यांतून काढता येत असतील, तर जो कारागीर आज अड्ड्यावर बसला आहे त्याचं नाव लिहून घेणं अशक्य कसं? कारखान्यात हजेरी आणि मजुरीचा हिशेब कुठेतरी असतोच.

शिवाय असं श्रेय देण्याची सुरुवात झालेली आहे. जानेवारी २०२० मध्ये पॅरिसच्या रोदँ संग्रहालयात जूडी शिकागो या अमेरिकन कलावतीची मांडणी दिओरच्या कार्यक्रमासाठी उभी राहिली, तेव्हा तिच्यातल्या भरतकामाच्या पताका मुंबईच्या चाणक्य स्कूल ऑफ क्राफ्टमधल्या स्त्रियांनी केल्या होत्या आणि शाळेचं नाव उघडपणे सांगितलं गेलं. शाळेपासून त्या स्त्रियांपर्यंतचं अंतर अजून कापायचं आहे. वांद्रे-कुर्ला संकुलातल्या पुढच्या प्रदर्शनात पोशाखाशेजारच्या पाटीवर डिझायनरखाली आणखी दोन ओळी मावतील: कारखाना कोणता आणि अड्ड्यावर कोण कोण बसलं होतं.